पातळ चहा

१२ जानेवारी

मायना काय लिहायचा यातच बराच वेळ गेला, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुला जो आवडेल तो भरून घे.

फोन तू उचलत नाहीस. घरच्या पत्त्यावर लिहिलं तर पत्र आधी कोणाच्या हातात पडेल ते मला ठाऊक आहे, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. घाबरू नकोस, तुला परत बोलवायला लिहीत नाहीये. ते पाच वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं, तेव्हा अंगात मस्ती होती. हे पत्र तुझ्या आईबद्दल आहे.

आईंना ऑक्टोबरात पक्षाघाताचा झटका आला हे तुझ्या ताईंनी तुला तेव्हाच कळवलं होतं. तू आला नाहीस, त्यावर मी काही बोलत नाही, बोलायला बसले तर कागद पुरणार नाही. हात आता बराच हलतो. काठी घेऊन खिडकीपर्यंत जातात. जीभ जड आहे, पण टोमणा मारायचा असला की शब्द बरोबर सापडतो. अडलंय ते गिळण्यापाशी. घट्ट घास जातो, पण पाणी, चहा, ताक असं काहीही पातळ घेतलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या नळीत उतरतं. ठसका लागला तर बरं म्हणायचं, कारण कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही आणि ते गुपचूप छातीत जाऊन बसतं. म्हणून त्यांच्या प्रत्येक पेयात एक पावडर घालायची असते. ती घातली की पाणीही मधासारखं ओघळतं. गिळायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा येते. हनुवटी छातीकडे, छोटा घोट, दोनदा गिळा, मग 'आऽ' म्हणा. आवाज ओला आला तर घसा साफ करा. हे सगळं मी तिच्यापेक्षा जास्त कडकपणे करून घेते, असं आईंचं म्हणणं आहे.

या दाट चहाला त्यांनी तोंड लावलं आणि कप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हा तू पी." मग मी प्यायले. खरं सांगू, खळ पितेय असं वाटलं.

त्या खात नाहीत ही खरी अडचण आहे. दिलेलं अर्ध्याहून जास्त परत येतं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की मला त्या हाताचं बळ परत आल्याचा आनंद मानावा की काय ते कळेना. आणि त्या दुपारी, नेहमीच्या चहाच्या वेळेला, पहिल्यांदा तुझं नाव काढलं. म्हणजे नाव नाही, 'छोट्या'. "छोट्या चहा करेल," म्हणाल्या.

तुला आठवत असेल. शाळेतून आलास की आईंना चहा करून द्यायचास, त्यापुढे स्वयंपाकघरातलं काही शिकला नाहीस. कोरा, आलं ठेचलेला, दातांना लागेल इतका गोड. रंग आलेलं गरम पाणी म्हणून मी त्याची आयुष्यभर थट्टा केली. तो त्यांना हवा आहे. पावडर घालूनच द्यावा लागेल, पण तुझ्या हातचा असेल तर कदाचित घेतील. एकदा येऊन जा. मी त्या दिवशी घरात नको असेन तर तसं कळव, माझी ड्युटी लावून घेईन.

४ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळींचं. 'कामाचा खूप ताण आहे. आईची काळजी घे.' बरं झालं सांगितलंस, मी विसरलेच होते.

आईंना ते वाचून दाखवताना मी पदरचं घातलं. म्हटलं, छोट्याने लिहिलंय की खूप आठवण येते, लवकरच येतो, नीट जेवत जा. त्यांनी पत्र दाखव म्हणून हात पुढे केला. चष्मा सापडत नाही म्हणून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी त्यांनी वाटी पूर्ण संपवली. तुझ्या नावावर मी वाट्टेल ते खपवू शकते असं दिसतं.

त्या वाटीत काय होतं ते ऐक. मी मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये आहे हे ताईंनी सांगितलं असेल. कुठकुठल्या देशांतून शिकायला आलेल्या मुली आहेत. परीक्षा जवळ आली किंवा ताप भरला की एकेक जण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि घरी काय मिळायचं ते हातवारे करून सांगते. मी विचारत विचारत करते. चव जमली की त्या रडतात आणि नाही जमली तरी रडतात, त्यामुळे मला माझा स्वयंपाक कसा आहे ते कधीच कळत नाही.

एका चष्मेवालीने तांदळाची पेज सांगितली. आल्याच्या तुकड्यांसोबत इतका वेळ शिजवायची की दाणा दाणा राहतच नाही. मी चमचा तिरका केला आणि बघत राहिले. ती मधासारखी ओघळत होती, पावडरीशिवाय. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगातल्या सगळ्या आयांनी आजारी लेकरांसाठी काहीतरी दाट करून ठेवलेलं आहे, आणि मी मूर्खासारखी खळ पाजत बसले होते.

तेव्हापासून रोज एक नवीन देश. बीटाचं आंबट सूप घोटून त्यावर घट्ट दही. आईंनी एकदा वाटीत बघितलं, एकदा माझ्याकडे. "कोणाला कापलंस?" पण खाल्लं. लाल शेंगदाण्यांचं गोड सूप, ज्याला बर्फाळ गावातली एक उंच मुलगी औषध म्हणते, ते दोन घासांत बाद. दूध, अंडी आणि जाळलेली साखर घालून थिजवलेलं कस्टर्ड मात्र शेजारच्या काकूंना द्यायला म्हणून बाजूला काढलेलंही संपलं. मक्याच्या पिठात शिजवलेलं चॉकलेट असतं, पिठल्यासारखं दाट, ते प्यायल्यावर म्हणाल्या, "हे मला लग्नाआधी कोणी का दिलं नाही."

वजन थोडं वाढलं आहे. डॉक्टरांनी नळीचा विषय महिनाभर पुढे ढकलला. माझा जीव भांड्यात पडला.

कपाटाची तुझी बाजू मी अजून उघडलेली नाही. सहज लिहिलं. चावी सापडत नाही एवढंच कारण आहे.

२७ फेब्रुवारी

येतोस म्हणून लिहिलंस. रविवारी, सकाळच्या गाडीने, एकटा. 'एकटा' हा शब्द मी आईंना वाचून दाखवला नाही, त्यांना काय करायचाय.

या वेळी पदरचं काही घालावं लागलं नाही, आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास बसेना. पत्र हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, "केस बघ स्वतःचे." मी म्हटलं, आई, तो तुम्हाला भेटायला येतोय. "म्हणून काय झालं," म्हणाल्या. तर मी केस काळे केले आहेत. ताईसुद्धा बरेच दिवस मागे लागल्या होत्या. तुला वेगळं वाटलं तर वाटू दे, त्यात काही अर्थ काढू नकोस.

तुझ्या आईने माझ्याकडे राहावं हे लोकांना अजून पचत नाही. मुलगा निघून गेला आणि सासू सुनेपाशी राहिली. ताईंनी किती वेळा नेण्याचा प्रयत्न केला. आईंचं एकच, "गेला तो. मी का जाऊ, मी काय केलंय?" आम्ही दोघी मिळून तुला शिव्या देत दिवस काढले, असं समजू नकोस. बहुतेक वेळा त्या तुझी बाजू घ्यायच्या आणि मी भांडायचे. मग त्या थकल्या की मी तुझी बाजू घ्यायचे.

आता कामाचं. पावडरीचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर, निळ्या झाकणाचा. कपाला दोन सपाट चमचे. गरम चहात ती लगेच घट्ट होत नाही, म्हणून ढवळून पाच मिनिटं थांबायचं. फसवी आहे, आधी पातळ दिसते. त्या घाई करतील, रागावतील, तरी थांबायचं. चमच्याने द्यायचं. हनुवटी खाली. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, आडवं होऊ द्यायचं नाही.

दुपारच्या जेवणाला शेंगदाण्याच्या कुटातला रताळ्याचा रस्सा करणार आहे. एका मुलीच्या आजीचा आहे. तुला गोडसर रस्से आवडत नाहीत, पण हा तिखट होतो. त्या दिवशी माझी ड्युटी नाही. तू तसं काही कळवलं नाहीस, म्हणून लावून घेतली नाही.

६ मार्च

तू उतरलास आणि परतीच्या गाडीच्या वेळेला निघून गेलास, मध्ये सात तास होते. तेवढ्यात किती झालं.

आई काल दिवसभर खुशीत होत्या. गिळायला शिकवणारी बाई आली तर तिला म्हणाल्या, "मुलगा आला होता." तिने विचारलं कोणता, तर रागावल्या. एकच आहे म्हणाल्या. रस्सा दोन वेळा मागून घेतलास तेही तिला सांगितलं. ते सांगताना त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्यांचं काय सांगावं.

जाताना तू दारात थांबलास आणि घर तसंच आहे म्हणालास. मी 'हो' म्हटलं. त्यावर आणखी काही बोलता आलं असतं, हे तू कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाल्यावर सुचलं.

आज त्यांना थोडा खोकला आहे. अंग कोमट लागतंय. डॉक्टरांना बोलावलंय. काळजीचं काही नसावं, हवा बदलली आहे.

चावी सापडली. तुझे दोन स्वेटर आहेत, कसर लागलेली नाही. पुढच्या वेळी न्यायचे तर ने, नाहीतर राहू देत.

१९ एप्रिल

तुझं पत्र आलं. चार पानी. एवढं तू मला लग्नाआधीसुद्धा लिहिलं नव्हतंस.

तिकडचं सगळं संपलं आहे, आई गेल्यापासून झोप लागत नाही, मी घरात एकटी आहे हे तुला सहन होत नाही, आणि माझी हरकत नसेल तर तू परत येशील. तिसऱ्या पानावर सरळ लिहिलं आहेस, 'मला घरी यायचं आहे.' या एका वाक्याची मी पाच वर्षं वाट पाहिली. ते कसं येईल, फोनवर की दारात उभं राहून, मी काय उत्तर देईन, किती वेळ रडवेन आणि मग कधी हो म्हणेन, सगळं ठरलेलं होतं. ते वाक्य आलं, मी ते मेसच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं, आणि मग आत जाऊन कांदे चिरायला घेतले. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी आलं. वाक्य आल्याचं नाही, ते आता माझ्या काही कामाचं उरलं नाही म्हणून.

चारही पानं मी दोनदा वाचली. एक गोष्ट शोधत होते, ती कुठेच नाही. म्हणून मीच लिहिते.

त्या रविवारी तू चहा ठेवलास तेव्हा मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते. आत आले तेव्हा तू निळ्या झाकणाचा डबा हातात घेऊन आईंसमोर उभा होतास. त्या म्हणाल्या, "ते नको. बंद केलंय आता. तिने सांगितलं नाही?" झटक्यानंतर त्या इतकं लांबलचक आणि इतकं स्वच्छ कधी बोलल्या नव्हत्या. साफ खोटं बोलल्या. आणि लहानपणापासून आईचं ऐकतोस तसं तू ऐकलंस आणि डबा खाली ठेवलास. मी दाराशी होते. तुझी पाठ होती, पण त्यांनी मला बघितलं. एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या तसं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. माझ्यापाशी त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी परत बाहेर गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकत बसले.

खिडकीतून दिसत होतं. तू कप त्यांच्या ओठांना लावलास. हनुवटी खाली वगैरे काही नाही. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला, आणि मग तो कप स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. थोडा सांडला. सगळा प्यायल्या. आणि हसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, तरी ते हसू होतं. "गोड झालाय," म्हणाल्या, आणि तू म्हणालास, "नेहमीच होतो."

पाचव्या दिवशी हॉस्पिटलच्या त्या अरुंद खोलीत डॉक्टरांनी विचारलं, यांना पातळ काही दिलं होतं का, कोणी दिलं. ताई होत्या, तू परत धावत आला होतास, मी होते. तुझा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, हा आता कोसळेल. म्हणून तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी दिला. चहा." ते अगदीच खोटं नव्हतं, दिला तो मीसुद्धाच. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, न देता सुद्धा झालं असतं, या आजारात होतं. पण ताईंच्या कानापर्यंत ते गेलं नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि मी तुझ्याकडे बघत राहिले. तू फरशीकडे बघत होतास.

मला वाटलं, बाहेर आल्यावर बोलेल. मग वाटलं, आई जाईपर्यंत नको, नंतर बोलेल. आई गेल्या. अंत्यविधीच्या दिवशी ताईंनी मला पुढे येऊ दिलं नाही. "हिने पावडरीचा कंटाळा केला, हिच्या आळसाने आई गेली," असं सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या. चार महिने मी दाणा न दाणा घोटून भरवला त्या बाईला. तू ताईंच्या शेजारी उभा होतास. मूग गिळून उभा होतास. मी मागच्या रांगेतून तुझी मान बघत होते. माझ्यावर अन्याय झाला म्हणून मला त्या दिवशी वाईट वाटत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ज्याची मी वाट बघत होते तो माणूस हा आहे.

पूर्वी तू निघून गेलास त्याचा मला राग आला होता. राग आला तरी माणूस आत राहतो. रोज त्याच्याशी भांडता येतं, केस काळे करता येतात, स्वेटर झटकून ठेवता येतात. आता रागसुद्धा नाही. आई गेल्या त्याच आठवड्यात तूही गेलास, आणि तुझ्यासाठी मला कोणाजवळ रडताही येत नाही. त्यामुळे तू येऊ नकोस. स्वेटर कुरिअरने पाठवले आहेत.

एकच काम कर. ताईंना खरं काय ते सांग. माझं नाव धुऊन निघावं म्हणून नाही. ताई माझ्याशी आता बोलल्या काय आणि न बोलल्या काय. पण मी 'मी दिला' म्हटलं तेव्हा तुझ्यावरचा आळ माझ्यावर आला, तसं आणखीही काहीतरी माझ्याकडे आलं, आणि ते माझं नाही. ताई आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आई मुलाच्या हातच्या चहासाठी झुरत गेली, आणि तो येऊन गेला तरी तिला तो मिळाला नाही. तू समोर बसून ऐकतोस म्हणे. आणि मान हलवतोस.

मिळाला होता रे त्यांना. त्या खोटं बोलल्या, भांडल्या, माझ्यासारख्या खमकीला डोळ्यांनी गप्प केलं, आणि मिळवला. आख्खा कप प्यायल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षातलं ते एकमेव काम आहे जे पूर्ण त्यांच्या मनासारखं झालं. तू कबूल केलं नाहीस तर ते झालंच नव्हतं असं होईल. हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे, आणि मी आता कोणालाही सांगणार नाही.